चरा नेमका कुठे आहे?

नाणं घासायचं नाही, हे नाण्यांच्या छंदात शिरणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत आधी बजावलं जातं. चिंच नाही, रांगोळी नाही, पितांबरी नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. चांदीच्या रुपयावर शंभर वर्षांत जो काळपट, कडेला कधी निळसर-सोनेरी थर चढतो, त्याला हात लावायचा नाही. तो काढला की नाणं चकचकतं आणि जाणकार ते हातातून खाली ठेवतो. मला हे लगेच पटलं. मग ज्या काकांनी हे बजावलं, त्यांनीच माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या डबीकडे बघून सांगितलं, "ही मात्र घास. वॉटर पेपर लाव, पॉलिश लाव. टूथपेस्टही चालेल."

डबी बंद होती आणि नाणं आत होतं. प्लास्टिकची भिंत जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड. भिंतीच्या अलीकडे जे करायला परवानगी, तेच पलीकडे केलं तर पाप, हे मला एकाच दिवसात पचवायचं होतं.

डबीत १९११ सालचा रुपया आहे, पंचम जॉर्जच्या कारकिर्दीतला पहिला. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या अंगावर झगा आहे आणि झग्यावर 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर'च्या माळेतला छोटासा हत्ती. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने ती नाणी परत घेऊन बरीचशी वितळवली आणि १९१२पासून हत्ती हत्तीच वाटेल असा नवा ठसा आला. संग्राहक १९११च्या रुपयाला 'पिग रुपी' म्हणतात. वजन ११.६६ ग्रॅम, बारा भागांतले अकरा भाग चांदी, आणि ज्याच्यामुळे सगळा गोंधळ झाला तो प्राणी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. हे नाणं विकत घेताना माणूस भिंग लावून बघतो ते त्या सोंडेकडे. माझ्या डबीवरचा सर्वांत मोठा चरा नेमका तिथून गेला होता. बाकीचे बारीक ओरखडे सगळ्या पुढच्या भागावर जाळं करून बसले होते, कारण आधीच्या मालकाने असे अनेक स्लॅब पिशवीत न घालता एका खोक्यात उभे खोचून ठेवले होते. खोका हलला की प्रत्येक स्लॅब शेजारच्यावर घासतो.

स्लॅब म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या संस्था सुरू झाल्या. तुम्ही नाणं पाठवायचं, त्यांचे तज्ज्ञ ते अस्सल आहे का आणि किती झिजलंय हे पाहून १ ते ७० मध्ये गुण देतात. ही सत्तरची पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती, आता ती जगभरच्या नाण्यांना लावतात. गुण दिले की नाणं कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या दोन झाकणांमध्ये ठेवतात, वर चिठ्ठी घालतात आणि झाकणांच्या कडा अल्ट्रासोनिक यंत्राने जोडतात. फार जलद कंपनांनी कडेचं प्लास्टिक घर्षणाने वितळतं आणि दोन झाकणं एकजीव होतात. उघडायचं म्हटलं तर फोडावंच लागतं, आणि फोडलं की चिठ्ठीवरच्या गुणांना काही अर्थ उरत नाही. भारतातली नाणी, विशेषतः ब्रिटिश काळातले रुपये, आता मोठ्या संख्येने अशा स्लॅबमध्ये असतात. म्हणजे नाणं बाहेर काढून डबी स्वच्छ धुवायची, हा घरगुती मार्ग पहिल्यापासूनच बंद. संस्थेकडे पाठवून नवी डबी घालून घेता येते. पण इथून परदेशात नाणं जाणार, त्याचा विमा, कस्टम्सचे कागद, फी आणि तोवरची काळजी. एका चऱ्यासाठी एवढं करण्याची माझी तयारी नव्हती.

मला सर्वांत जास्त गोंधळात टाकलं ते एका साध्या प्रश्नाने. चरा प्लास्टिकवर आहे की नाण्यावर?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चांदीच्या गुळगुळीत भागावर, राजाच्या गालावर किंवा मोकळ्या मैदानावर, अतिशय बारीक रेषा असतात. कोणीतरी पूर्वी कधी कापडाने पुसलं की त्या उमटतात. संग्राहक त्यांना हेअरलाइन म्हणतात आणि गुण कमी होण्याचं ते एक मोठं कारण. प्लास्टिकवरच्या बारीक ओरखड्यांतून पाहिलं की नाण्यावर रेषा आहेत असं वाटतं, आणि नाण्यावरच्या रेषा प्लास्टिकच्या ओरखड्यांत लपून जातात. दिव्याखाली धरलं की दोन्ही सारखेच चमकतात. मी डोळे बारीक करून बघत बसले आणि काही केल्या ठरवता येईना.

काकांनी स्लॅब माझ्या हातून घेतला आणि डावी-उजवीकडे हळूच कलता केला. "नाण्याकडे बघ आणि रेषेकडे बघ. रेषा राजाच्या नाकावरून कानाकडे सरकतेय ना? मग ती वर आहे, डबीवर. जी सरकत नाही, नाण्याला चिकटूनच राहते, ती नाण्याची." एवढंच. रेषा आणि नाणं यांच्यात अंतर असेल तर बघण्याचा कोन बदलताच त्या एकमेकांवरून सरकतात. दहापट भिंगाने हेच आणखी स्पष्ट होतं. भिंग प्लास्टिकच्या वरच्या पृष्ठावर नेमकं धरलं की तिथले चरे ठसठशीत दिसतात आणि नाणं धूसर. भिंग किंचित पुढे नेलं की चरे विरघळतात आणि नाणं समोर येतं. मी घरातली सगळी नाणी या पद्धतीने पुन्हा तपासली. ज्यांच्यावर रेषा आहेत अशी माझी खात्री होती त्यांतली काही निर्मळ निघाली, आणि एक-दोन निर्मळ समजलेली तशी नव्हती.

आणखी एक परीक्षा आहे, पाण्याच्या थेंबाची. चऱ्यावर ओलं बोट फिरवायचं. चरा फिका झाला तर तो वरच्या पृष्ठावर आहे आणि घासून जाईल. न झाला तर तो झाकणाच्या आतल्या बाजूला आहे आणि बाहेरून काही करता येणार नाही. याचं कारण प्रकाशात आहे. चऱ्याच्या उभ्या भिंतींवर प्रकाश वाकतो आणि भलतीकडे जातो, म्हणून चरा दिसतो. प्रकाश हवेतून प्लास्टिकमध्ये शिरताना जितका वाकतो त्यापेक्षा पाण्यातून शिरताना कमी वाकतो, म्हणून चरा पाण्याने भरला की त्याच्या भिंती जवळजवळ नाहीशा होतात. तेलाचा परिणाम त्याहून जास्त. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तर जाळं झालेला स्लॅब क्षणभर नव्यासारखा दिसतो. विकण्यासाठी फोटो काढताना असं करणारे लोक आहेत, आणि हे मला साफ नापसंत आहे. घेणाऱ्याच्या हातात स्लॅब पडतो, तेल पुसलं जातं आणि चरे परत येतात. खराब डबी खराब म्हणून विकावी, किंवा खरीखुरी घासून नीट करून विकावी.

आता घासायचं कशाने, तर जेवढी माणसं तेवढे सल्ले. एकाने सांगितलं पांढरी टूथपेस्ट, जेल नको. दुसऱ्याने ब्रासो. तिसऱ्याने गाडीच्या हेडलाइटसाठी मिळणारं प्लास्टएक्स, चौथ्याने नोव्हसच्या क्रमवार तीन बाटल्या. कोणी म्हणालं हेअर ड्रायरने गरम कर, प्लास्टिक वितळून चरा भरून येतो. कोणी म्हणालं ॲसिटोनचं बोट फिरव. प्रत्येकाने स्वतः केलेलं होतं, प्रत्येकाचं काम झालेलं होतं, आणि सगळे एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. मला ना कारण कळत होतं ना फरक.

यातली सर्वांत भीती वाटावी अशी गोष्ट ॲसिटोनची, कारण ते संग्राहकाच्या कपाटात असतंच. जुन्या पीव्हीसीच्या अल्बमच्या कप्प्यांत नाणी वर्षानुवर्षं राहिली की प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं पाझरतात, आम्ल सुटतं आणि तांब्यावर-चांदीवर हिरवा चिकट थर बसतो. तो काढायला शुद्ध ॲसिटोनच वापरतात, कारण ते घासत नाही, धातूवर काही करत नाही, फक्त चिकटा विरघळवतं. म्हणजे नाण्यासाठी ॲसिटोन बिनधोक आणि डबीसाठी विष. नाण्यांच्या डब्या बहुतेक पॉलिस्टायरीनच्या नाहीतर ॲक्रिलिकच्या असतात. पॉलिस्टायरीन ॲसिटोनमध्ये सरळ विरघळतं. ॲक्रिलिकही त्यापुढे टिकत नाही, आणि त्यावर स्पिरिट किंवा थिनर लागलं तर आतून बारीक बारीक तडे उमटतात, तेही कधी कधी नंतर. मी नाणं ठेवायच्या एका रिकाम्या प्लास्टिक कॅप्सूलवर ॲसिटोनचा एक थेंब टाकून पाहिला. थेंब पडला तिथे पृष्ठ आधी बुळबुळीत झालं, मग पांढरट, आणि सुकल्यावर तिथे खडबडीत डाग राहिला. घासायचा नियम नाण्याला एक आणि डबीला नेमका उलटा, हे मी तोवर नुसतं ऐकलं होतं. आता ते बोटाला कळलं.

गरम हवेचा सल्लाही मी बाजूला ठेवला. ही दोन्ही प्लास्टिक साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतात. चरा भरण्याइतकी उष्णता दिली तर त्याआधी झाकणच वाकेल, आणि आत चांदी आहे.

मग मी सराव म्हणून रिकाम्या कॅप्सूल घेतल्या, मुद्दाम सुईने चरे पाडले आणि नुसती टूथपेस्ट ओल्या मलमलवर घेऊन घासत बसले. केसाएवढे ओरखडे गेले. सुईचा चरा तसाच राहिला, फक्त त्याच्या कडा गोल झाल्या. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणला, १०००चा आणि २०००चा. पाण्यात भिजवून १०००च्या कागदाने पहिल्या काही फेऱ्या मारल्या आणि कॅप्सूल सगळी पांढरी धुरकट झाली. आरपार काही दिसेना. आतापर्यंत एकच चरा होता, आता पृष्ठाचा कणन्‌कण चरा झाला होता. हे सुधारणार कसं, हे मला खरोखरच कळत नव्हतं, आणि आत रुपया असता तर काय, या विचाराने मी हात आवरला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. तिथले दादा जुन्या गाड्यांचे पिवळे पडलेले हेडलाइट साफ करून देतात. मी कॅप्सूल घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठ्याच्या नखाने चरा चाचपला आणि म्हणाले, "बरोबर चाललंय, ताई. थांबू नका. नख अडकतंय अजून."

"पण हे तर सगळंच खराब झालं."

"चरा पुसला जात नसतो. चऱ्याच्या तळापर्यंत बाकीचं सगळं खाली आणायचं असतं. आधी मोठ्या कागदाने खाली आणा, मग त्याच्या रेघा छोट्या कागदाने खोडा, त्याच्या त्याहून छोट्याने."

शेतातला खड्डा भरायला माती मिळत नसेल तर सगळं रानच खड्ड्याइतकं खाली उतरवायचं, असा हा हिशेब. मला तोवर वाटत होतं की पॉलिश म्हणजे चऱ्यात काहीतरी भरतं, नाहीतर चरा कुठेतरी निघून जातो. तसं काही होत नाही. मोठ्या चऱ्याच्या जागी हजारो लहान चरे येतात, त्यांच्या जागी लाखो आणखी लहान, आणि एका टप्प्यावर ते इतके लहान होतात की प्रकाशाला ते अडथळा वाटत नाहीत. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. १०००च्या कागदावरचे कण साधारण १८ मायक्रॉनचे, २०००चे १०च्या आसपास. म्हणून कागदाने कधीच पारदर्शकता येत नाही, कितीही घासलं तरी. ती येते पॉलिशच्या पेस्टमधल्या त्याहून कितीतरी बारीक कणांनी. टूथपेस्टचं काम झालेल्यांचे चरे मुळात उथळ होते. कागदाची शिफारस करणाऱ्यांचे खोल होते. सगळे सल्लागार खरंच बोलत होते, फक्त वेगवेगळ्या चऱ्यांबद्दल.

नंतर वाचताना कळलं की काच पॉलिश करण्याबद्दल न्यूटननेही १७०४च्या 'ऑप्टिक्स'मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय. घासणारा कण कितीही बारीक असो, तो काचेला ओरबाडतोच. पॉलिश झालं म्हणजे ओरखडे डोळ्यांना न दिसण्याइतके लहान झाले. पुढे विसाव्या शतकात जॉर्ज बेल्बी यांनी वेगळं मांडलं, की घासताना पृष्ठाचा अगदी वरचा थर वाहतो आणि खळगे झाकतो. प्लास्टिकसारख्या मऊ पदार्थाच्या बाबतीत मला बेल्बींचंही काहीसं पटतं, कारण जोरात आणि एकाच जागी घासलं की तिथे पृष्ठ लोण्यावाणी फासलं गेल्यासारखं दिसतं. त्याच कारणासाठी दादांनी मला ड्रिलला लावायचं बफ वापरू दिलं नाही. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचा असतो, जास्त उष्णता सोसतो आणि जाडही असतो. "या पातळ डबीवर मशीन नको. हातानेच."

दादांनी शिकवलेली सर्वांत उपयोगी गोष्ट दिशेची. पहिल्या कागदाने सगळे हात उभे मारायचे. दुसऱ्या कागदाने सगळे आडवे. मग आडव्या रेघांमध्ये एकही उभी रेघ उरली का, हे उजेडात तिरकं धरून बघायचं. उरली असेल तर पॉलिशकडे जायचं नाही. गोल गोल घासलं की आधीच्या कागदाची रेघ गेली की नाही हे कळतच नाही, आणि पॉलिश झाल्यावर ती अचानक उठून दिसते. हे एक कळलं आणि माझी कॅप्सूल सुधारायला लागली. १५००चा कागद मधे घातला, २०००, मग ३०००, आणि पेस्ट. धुकं एकदम गेलं नाही. आधी ते दुधी झालं, मग निळसर, मग एका जागी आरपार खिडकी उघडली आणि ती हळूहळू पसरत गेली.

तरी एक गोष्ट उरली. घासलेल्या जागेतून वहीवरची सरळ रेघ पाहिली तर ती किंचित वाकडी दिसत होती. फक्त चऱ्यावरच घासल्याने तिथे उथळ खळगा झाला होता आणि खळग्याचं भिंग बनलं होतं. नाण्यासाठी हे चऱ्याइतकंच वाईट, कारण सोंड वेडीवाकडी दिसेल. उपाय असा की खोल चऱ्याभोवती बरीच मोठी जागा सारखीच खाली आणायची आणि कडेला दाब कमी करत न्यायचा. कागद बोटाच्या टोकाने न धरता खोडरबराला गुंडाळून धरला की दाब सपाट पडतो. मी पुढे बोट कधीच वापरलं नाही.

स्लॅबच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे, आणि ती मला कोणीही आपणहून सांगितली नाही. स्लॅबची जोड हवाबंद नसते, जलबंद तर नसतेच. अल्ट्रासोनिकने कडा जोडल्या असल्या तरी त्यांतून पाणी आत झिरपू शकतं. ओल्या कागदाने घासताना स्लॅब नळाखाली धरला तर नाण्यावर पाण्याचा डाग पडेल आणि तो पुसायला मार्गच नसेल. म्हणून मी सगळ्या कडांवर टेप लावला, चिठ्ठीच्या बाजूवर आणि मागच्या हॉलोग्रामवरही. पाणी ओतलं नाही. कागद भिजवून झटकला आणि ओलसर असताना वापरला, मधेमधे फडक्याने टिपत राहिले. टेपचा दुसरा फायदा असा की पॉलिशची पांढरी पेस्ट जोडीच्या फटीत आणि प्लास्टिकवर उठलेल्या अक्षरांच्या कोपऱ्यांत बसत नाही. बसली की वाळते आणि मग टूथपिकनेही पूर्ण निघत नाही. पूर्वी कोणीतरी घासलेले स्लॅब मला आता त्या पांढऱ्या रेघेवरून ओळखता येतात.

पहिला निर्णय नखाने घेतला. हत्तीवरच्या चऱ्यात नख हलकंसं अडकत होतं, बाकीच्या जाळ्यात नाही. म्हणून कागद फक्त चऱ्याभोवतीच्या पट्ट्यात, आणि तोही २०००पासून, १०००ला हात न लावता. उरलेल्या सगळ्या भागावर नुसती पेस्ट. पेस्ट घासताना दाब कमी, फेऱ्या जास्त, कापड वरचेवर बदलायचं, कारण कापडात अडकलेला एक धुळीचा कण नवी रेघ पाडतो. वेळ बराच लागला. आणि तो लागायलाच हवा, कारण घाईने प्लास्टिक तापतं.

हत्तीवरचं धुकं शेवटी गेलं. आधी झग्याच्या घड्या दिसल्या, मग माळेच्या कड्या, मग हत्तीची पाठ. सोंड सर्वांत उशिरा, कारण चऱ्याचा सर्वांत खोल भाग तिथेच होता. भिंग लावलं तेव्हा लोक का चिडले असतील ते मला पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी कळलं. सोंड खरोखरच आखूड आहे आणि तिचं टोक थुट्टं, नाकाडासारखं. पुस्तकातल्या चित्रात ते मला कधी पटलं नव्हतं. मागची बाजूही तेवढीच स्वच्छ केली, कारण मुंबईच्या टाकसाळीची खूण तिथल्या कमळाच्या फुलापाशी असते, एक उठावाचं टिंब. कलकत्त्याच्या रुपयावर ते नसतं. धुरकट प्लास्टिकमधून टिंब आणि धुळीचा कण यांत फरक करता येत नव्हता. आता येतो.

डबी निवळली तेव्हा राजाच्या गालावर एक बारीक तिरपी रेघ दिसली. स्लॅब कलता केला. रेघ सरकली नाही. ती नाण्याची आहे आणि ती तशीच राहणार. गुण देणाऱ्यांनी ती पाहूनच गुण दिले असतील, मला मात्र इतके दिवस प्लास्टिकने ती दिसू दिली नव्हती. मला हे आवडलं, हे स्पष्ट सांगते. डबी घासण्याचं समर्थन याच्याहून चांगलं मला सुचत नाही: त्याने नाणं आहे तसं, दोषांसकट, बघता येतं.

नव्याने निवळलेलं प्लास्टिक मात्र धूळ ओढतं. घासण्याने त्यात स्थिर वीज साठते आणि हवेतला प्रत्येक तंतू येऊन चिकटतो. तो कोरड्या कापडाने झटकला तर वीज आणखी साठते. किंचित ओलं मऊ कापड एकदाच फिरवून सावलीत सुकू द्यावं आणि लगेच स्लॅब पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिइथिलीनच्या पिशवीत सरकवावा. पीव्हीसीची पिशवी मऊ आणि वासाची असते, ती कितीही चांगली दिसली तरी घेऊ नये. अशी पिशवी असती तर माझ्या स्लॅबवर एकही चरा पडला नसता, आणि तिची किंमत पॉलिशच्या बाटलीच्या मानाने काहीच नाही.

माझा रुपया पाहून काकांनी त्यांचे काही स्लॅब आणि कॅप्सूल माझ्याकडे दिले आहेत. त्यांतल्या बऱ्याचशांना नुसती पेस्ट पुरेल. एका कॅप्सूलवर तडा आहे, ती घासायची नाही, बदलायची. एक स्लॅब मात्र पीसीजीएसच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतला आहे, लहान आणि जाडसर, हलवलं की आतलं नाणं खडखडतं. अमेरिकेतले संग्राहक त्या पिढीच्या डब्यांना याच खडखडाटामुळे 'रॅटलर' म्हणतात आणि आतल्या नाण्याइतकीच डबी जपतात, कारण तेव्हाच्या तज्ज्ञांनी दिलेले गुण आजच्यापेक्षा कडक होते असं अनेकांचं मत आहे. म्हणजे तिथे डबीही जुनी वस्तू झाली. काकांचं म्हणणं, तीही घास, प्लास्टिक ते प्लास्टिक. मी त्यांना सांगितलं, "काका, तुम्हीच मला शिकवलंत, जुन्या वस्तूचा वरचा थर काढायचा नाही."

"अगं, पण तो नियम नाण्याचा."

माझ्या मते या डबीला तो लागू पडतो. तिच्यावरचे ओरखडे उथळ आहेत, नख कुठेही अडकत नाही, आणि एकही ओरखडा नाण्यावरच्या सालावरून किंवा टाकसाळीच्या खुणेवरून जात नाही. स्लॅब कलता केला की सगळं वाचता येतं. मग काढायचं कशासाठी? काका अजून तयार नाहीत. मी ती डबी नव्या पिशवीत घालून वेगळी ठेवली आहे आणि बाकीच्यांवर टेप लावायला सुरुवात केली आहे.